हॅलेचा धूमकेतू, जावळीचा हिशेब

जानेवारी १६५६मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि त्याच साली प्रतापगड बांधायला काढला. मेढा हे जावळी तालुक्याचं ठाणं. इथल्या पोराला एक वेळ स्वतःचा परीक्षेचा नंबर आठवणार नाही, पण हे साल आठवतं. आता त्याच सालाखाली आणखी एक नोंद करून ठेवा. ८ नोव्हेंबर १६५६ रोजी लंडनशेजारच्या हॅगर्स्टनमध्ये एका सधन साबणवाल्याच्या घरी मुलगा झाला. नाव एडमंड, आडनाव हॅले.

हाच तो धूमकेतूवाला हॅले. त्याचं चरित्र लंडनच्या सनावळीत वाचलं तर चांगलं वाटतं. साताऱ्याच्या सनावळीशेजारी ठेवून वाचलं की जास्त मजा येते. आणि धूमकेतू दिसला की अनर्थ होतो, या समजुतीची पार वाट लागते.

आधी सुरत, मग शेपूट

डिसेंबर १६६४मध्ये एक ठसठशीत धूमकेतू उगवला आणि पुढच्या वर्षीही काही काळ दिसत राहिला. हॅले तेव्हा आठ वर्षांचा. त्यानंतर लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं, म्हणजे तिथल्या भाकितवाल्यांचं काम सोपं झालं. इकडे काय? मार्च १६६५मध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्यात येऊन धडकले आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. चला, अपशकुन खरा ठरला! पण सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४मधली, धूमकेतूच्या अकरा महिने आधीची. सुरतेच्या सावकारांवर एवढा मोठा घाला पडला, तेव्हा आकाशातून साधी पूर्वसूचनाही आली नव्हती.

दुर्बीण गोव्यात, बारसं दाहोदला

आता जरा हॅलेच्या जन्माआधी जाऊ. १६१८च्या ऑक्टोबरात चीनला निघालेल्या जेझुइट पाद्र्यांची एक तुकडी गोव्यात उतरली. तिच्यात बोहेमियाचा वेन्सेस्लाउस किर्विट्झर हा गणिती होता. महिनाभरातच आकाशात एकामागून एक धूमकेतू दिसू लागले. पाद्र्यांनी रात्री जागून त्यांच्या जागा मोजल्या, दुर्बीणही लावली, आणि १६२० साली किर्विट्झरची या निरीक्षणांवरची पुस्तिका युरोपात छापून आली. आकाशाकडे दुर्बीण वळवल्याची भारतातली ही अगदी सुरुवातीची नोंद. किर्विट्झर पुढे मकावला गेला आणि १६२६मध्ये तिथेच वारला. जावळीत तेव्हा मोऱ्यांचा अंमल होता. त्यांच्याही डोक्यावर हेच धूमकेतू होते, पण दुर्बीण नव्हती.

बादशहा जहांगीरानंही आपल्या आठवणींत या धूमकेतूंबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याच १६१८च्या नोव्हेंबरात त्याला दाहोदला नातू झाला. हा नातू म्हणजे औरंगजेब. आता मात्र शकुन-अपशकुन मानणाऱ्यांच्या हातात हुकमाचं पान आलं! पण त्या महिन्यात हिंदुस्थानात आणखीही हजारो पोरं जन्मली असतील. त्यांतल्या कुणी निमूटपणे नाचणी पिकवली, कुणी निमूटपणे मेंढरं राखली. धूमकेतूनं त्यांच्यासाठी काय आणलं, हे कुणीच लिहून ठेवलं नाही.

कॉलेज सोडून बेटावर

विसाव्या वर्षी हॅलेनं ऑक्सफर्डचं शिक्षण पदवीआधीच सोडलं. १६७६च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून तो दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाकडे निघाला. त्याच सुमारास शिवाजी महाराज दक्षिणदिग्विजयाला निघाले होते. दोघांचीही तोंडं दक्षिणेलाच, कामं मात्र निरनिराळी. बेटावर पाऊस आणि ढग यांचा मुक्काम. मेढ्याच्या माणसाला त्याचं दुःख सांगायला नको. तरीही हॅलेनं दक्षिण आकाशातल्या ३४१ ताऱ्यांच्या जागा ठरवल्या आणि बुध ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला. परत आल्यावर राजा दुसऱ्या चार्ल्सच्या शिफारशीनं ऑक्सफर्डनं परीक्षा न घेताच त्याला एम. ए. करून टाकलं.

हा तोच चार्ल्स, ज्याला मुंबई लग्नात आंदण मिळाली आणि ज्यानं ती १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. हॅलेला मिळालेली पदवी त्या मानानं महागच म्हणायची.

रायगडावरचा राज्याभिषेक आणि पॅरिसची वाट

१६८०चा महाधूमकेतू १४ नोव्हेंबरला जर्मनीत गॉटफ्रीड किर्शनं शोधला. दुर्बिणीतून सापडलेला हा पहिला धूमकेतू. डिसेंबरअखेर त्याची शेपटी एवढी लांबली की पाहणाऱ्याची मान दुखावी. हॅलेला तो पॅरिसच्या वाटेवर दिसला. पॅरिसला पोहोचल्यावर तिथल्या कॅसिनी या खगोलज्ञानं त्याच्या डोक्यात किडा सोडला: काही धूमकेतू पुन्हा पुन्हा तर येत नसतील?

शिवाजी महाराज गेले ते ३ एप्रिल १६८० रोजी, म्हणजे धूमकेतू कुणालाही दिसण्याच्या सात महिने आधी. तो आला म्हणून महाराज गेले, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला आधी कॅलेंडर दाखवा. उलट जानेवारी १६८१मध्ये रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा हा धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात होता. नव्या छत्रपतींनी त्याच महिन्याच्या अखेरीस बुऱ्हाणपुरावर धाड घालून मोगलांची दाणादाण उडवली. त्यात अपशकुन झाला असेल तर तो बुऱ्हाणपूरकरांना.

१६८२: त्या वर्षीचे तीन पाहुणे

आता मुख्य मानकरी. १६८२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आलेला धूमकेतू १६८०च्या मानानं किरकोळच होता. हॅलेचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. नव्या संसारातून वेळ काढून त्यानं लंडनजवळच्या इस्लिंग्टनमधून या धूमकेतूच्या जागांची टिपणं ठेवली. आज आपण ज्याला हॅलेचा धूमकेतू म्हणतो तो हाच.

त्या वर्षी महाराष्ट्रात आणखी दोघं आले. मार्चमध्ये औरंगजेब औरंगाबादला दाखल झाला. १८ मे रोजी माणगावजवळच्या गांगवलीत संभाजीराजे आणि येसूबाईंना पुत्र झाला. तेच पुढचे थोरले शाहू महाराज, साताऱ्याचे शाहूनगर वसवणारे. मग १६८२चा धूमकेतू कुणाला लाभला आणि कुणाला भोवला? औरंगजेब दख्खनेत आला तो परत दिल्लीला गेलाच नाही. १७०७ साली नगरजवळ भिंगारला त्यानं डोळे मिटले. शाहू महाराजांचं बालपण मोगली कैदेत गेलं, पण १७०८च्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. एकाच धूमकेतूखाली दोन्ही घडलं. भविष्य सांगणाऱ्यानं कुठली फी कुणाकडून घ्यायची?

पगार? माशांचं पुस्तक घ्या

ग्रह सूर्याभोवती फिरतात ते नक्की कुठल्या वाटेनं, यावर १६८४च्या जानेवारीत हॅले, हूक आणि रेन या तिघा शास्त्रज्ञांची चर्चा रंगली. जो सिद्ध करून दाखवेल त्याला ४० शिलिंगांचं पुस्तक देईन, असं रेननं जाहीर केलं. मुदतीत कुणालाच जमलं नाही. ऑगस्टमध्ये हॅले थेट केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि विचारलं. न्यूटननं क्षणाचाही विलंब न लावता ‘लंबवर्तुळ’ असं उत्तर दिलं. मग गणित दाखवा म्हटल्यावर कागद सापडेना. हॅलेनं पिच्छा पुरवला, रुसवेफुगवे काढले, मुद्रितं तपासली, आणि त्या पाठपुराव्यातून १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ बाहेर पडला.

तो छापायला रॉयल सोसायटीकडे पैसे नव्हते, कारण माशांच्या इतिहासावरचं एक सचित्र जाडजूड पुस्तक काढण्यात सोसायटीची तिजोरी रिकामी झाली होती. ते पुस्तक खपलं नाही. त्यामुळे ‘प्रिन्सिपिया’चा खर्च हॅलेनं स्वतःच्या खिशातून केला. हॅले सोसायटीचा पगारी कारकून होता. त्याचा थकलेला पगार सोसायटीनं कसा दिला? त्याच न खपलेल्या माशांच्या पुस्तकाच्या प्रती देऊन. मराठी प्रकाशनव्यवसायातल्या मंडळींना यात अनोळखी असं काही वाटणार नाही.

पाण्याखाली दीड तास, पृथ्वीच्या पोटात पोकळी

हा गृहस्थ एका जागी बसणारा नव्हता. १६९०च्या दशकात त्यानं बुडी मारण्याची एक घंटा बनवली. तळ उघडा, आत हवा कोंडलेली, आणि ताजी हवा शिसं लावून जड केलेल्या पिंपांतून खाली पोचवायची. तिच्यात बसून तो आणि आणखी चौघं साठ फूट पाण्याखाली दीड तास राहिले. १६९३मध्ये त्यानं ब्रेस्लाउ शहरातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून कुठल्या वयाचा माणूस आणखी किती जगेल याचं कोष्टक मांडलं. आयुर्विम्याचे हप्ते ठरवण्याच्या गणिताची ही सुरुवात. विमा एजंट दारात आला तर हॅलेच्या नावानं त्याला चहा द्यायला हरकत नाही.

सगळंच काही बरोबर निघालं नाही. पृथ्वी आतून पोकळ असून तिच्या पोटात एकात एक कवचं फिरतात, हा त्याचा सिद्धान्त साफ चुकला. तरी ऐंशीव्या वर्षी काढलेल्या तैलचित्रात त्याच्या हातात त्याच कवचांची आकृती आहे. धूमकेतूचं गणित सोडून!

साताऱ्याला वेढा, हॅलेला हिमनग

सरकारनं त्याला ५२ फुटी ‘पॅरामोर’ जहाजाचा कप्तान केलं. होकायंत्र कुठे किती चुकतं, याचा नकाशा करायचा होता. पहिल्याच सफरीत दुय्यम अधिकारी हॅरिसन त्याच्या अंगावर धावून गेला नाही एवढंच, बाकी अपमान सगळे केले. नंतर कारण कळलं: रेखांशावरचं हॅरिसनचं पुस्तक पूर्वी नाकारणाऱ्यांत हॅलेही होता. हॅलेनं त्याला खोलीत डांबलं आणि जहाज स्वतः हाकत इंग्लंडला आणलं. परीक्षकाचा सूड घेण्याची स्वप्नं अनेक लेखक पाहतात, पण समुद्राच्या मधोमध ती संधी मिळालेला हॅरिसन एकटाच असावा.

दुसऱ्या सफरीत, १७००च्या फेब्रुवारीत, पॅरामोर दक्षिणेला इतकं खाली गेलं की समोर सपाट पांढरी बेटं दिसू लागली. जवळ गेल्यावर ते हिमनग निघाले. धुक्यात जहाज फुटता फुटता वाचलं. नेमक्या त्याच महिन्यांत औरंगजेब अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला होता आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू गड लढवत होते. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली उडवलेला सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटला. शेवटी गड पडला आणि त्याचं नाव ‘आझमतारा’ झालं. ते नाव टिकलं नाही. हॅलेचा चुंबकीय नकाशा मात्र खलाशांनी पुढे कितीतरी वर्षं वापरला.

तिघं नव्हेत, एकच

१७०५ साली हॅलेनं १३३७पासून १६९८पर्यंतच्या २४ धूमकेतूंच्या कक्षा न्यूटनच्या रीतीनं मांडल्या. यंत्र नाही, गणक नाही, नुसती बोटं आणि शाई. मांडताना त्याच्या लक्षात आलं की १५३१, १६०७ आणि १६८२ या तिघांची वाट जवळजवळ एकच आहे. तिघंही ग्रहांच्या उलट दिशेनं सूर्याला प्रदक्षिणा घालतात. एक अंतर ७६ वर्षांहून थोडं जास्त, दुसरं ७५हून किंचित कमी. हा फरक गुरूच्या ओढीचा, असं त्यानं ओळखलं. निष्कर्ष: हे तीन नाहीत, एकच आहे, आणि तो १७५८च्या सुमारास परत येईल.

आपल्याकडे वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त केतूंवर अख्खा अध्याय आहे. त्यात तो सांगतो की केतू कुणी १०१ मानतात, कुणी हजार, आणि नारदमुनी म्हणतात की केतू एकच, तोच वेगवेगळ्या रूपांत दिसतो. नारदांचं मत हॅलेच्या किती जवळ जातं! पण एवढ्यावरून ‘आपल्याकडे हे आधीच माहीत होतं’ असा मेसेज पुढे ढकलू नका. नारदांनी तारीख दिलेली नाही.

यायचा होता तो आला

१७२०मध्ये, वयाच्या चौसष्टीत, हॅले ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. आधीच्या प्रमुखाच्या विधवेनं सगळी उपकरणं उचलून नेली होती, नुसत्या भिंती उरल्या होत्या. त्यानं नवी उपकरणं जमवली आणि अठरा वर्षांचं चंद्रनिरीक्षण हाती घेतलं. ज्या वयात माणसं पेन्शनच्या कागदांमागे फिरतात, त्या वयात. ते त्यानं पुरंही केलं. १७४२च्या जानेवारीत, ८५व्या वर्षी तो गेला. थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात निवर्तले, वय ६७. धूमकेतूच्या वर्षी जन्मलेल्या या राजाला तो पुन्हा दिसायला नऊ वर्षं कमी पडली.

१७५८ उजाडलं. एप्रिलमध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि तिथून मराठे अटकेपर्यंत पोचले. त्या उन्हाळ्यापासून पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही बाई असे तिघं, धूमकेतू नेमका कधी परतणार याची, सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करत बसले होते. गुरूमुळे ५१८ दिवस, शनीमुळे १०० दिवस, एकूण ६१८ दिवसांचा उशीर, असा त्यांचा हिशेब निघाला. नंतर छापलेल्या ग्रंथातून क्लेरोनं बाईंचं नाव गाळलं. धूमकेतू मात्र आला. २५ डिसेंबर १७५८च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालित्श नावाच्या शेतकऱ्यानं तो सगळ्यांआधी पाहिला. हा माणूस घरच्या घरी शिकून खगोलज्ञ झाला होता. वेधशाळावाले डोळे लावून बसले आणि बाजी मारली शेतकऱ्यानं. १३ मार्च १७५९ला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला. हिशेब चुकला होता तो जेमतेम एक महिन्यानं.

आणि दोनच वर्षांत पानिपत झालं. म्हणजे अटकेचा जल्लोष आणि पानिपताचा घाव यांच्या मधोमध धूमकेतू उभा. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं.

मंडालेतले टिळक, बाजारातल्या गोळ्या

१८३५ची फेरी झाली तेव्हा साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. अमेरिकी लेखक मार्क ट्वेनचा जन्म त्याच नोव्हेंबरातला. पुढच्या फेरीत, २० एप्रिल १९१०ला धूमकेतू सूर्याजवळ पोचला आणि दुसऱ्याच दिवशी ट्वेन गेला. आपण धूमकेतूबरोबर आलो आणि त्याच्याबरोबरच जाणार, हे तो आधीपासून सांगत होता. मधल्या काळात, १८९६च्या जानेवारीत, तो मुंबईलाही येऊन गेला.

१९१०च्या मे महिन्यात पृथ्वी धूमकेतूच्या शेपटीतून जाणार आणि शेपटीत विषारी सायनोजेन आहे, ही बातमी फुटली. युरोप-अमेरिकेत लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूच्या गोळ्या विकत घेऊन खाल्ल्या. १८-१९ मे आली आणि गेली. कुणाला साधी शिंकही आली नाही, कारण शेपटीतला वायू अत्यंत विरळ असतो. पैसे कमावले ते गोळ्या विकणाऱ्यांनी. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. केरोनाना छत्र्यांकडून गणित-ज्योतिष शिकलेल्या या शिष्यानं १८९३ साली ‘ओरायन’ लिहून मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढला होता. आकाश वाचता येणारा कैदी इंग्रजांना क्वचितच मिळाला असेल.

जवळून पाहिलं तर काळाकुट्ट

१४ मार्च १९८६ रोजी ‘जोत्तो’ हे युरोपीय यान धूमकेतूच्या गाभ्यापासून अवघ्या ५९६ किलोमीटरवरून गेलं. गाभा निघाला भुईमुगाच्या शेंगेसारखा, साधारण १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. रंग कोळशाहून काळा, पडलेल्या प्रकाशातला चारेक टक्केच परत फेकणारा. बर्फ आणि धूळ यांचा गोळा. ऊन लागलं की उजेडाच्या बाजूनं वायूचे फवारे उडतात. सूर्याजवळ तो सेकंदाला ५४ किलोमीटर धावतो. नेपच्यूनच्या पलीकडे पोचला की वेग सेकंदाला एक किलोमीटरहूनही खाली येतो. ९ डिसेंबर २०२३ला त्यानं ते दूरचं टोक गाठलं आणि आता तो परत फिरला आहे.

सूर्याच्या जवळ तो पोचेल २८ जुलै २०६१ला. २०१५ साली जन्मलेलं पोर तेव्हा ४६ वर्षांचं असेल. आता तारीख पुन्हा वाचा. जुलैअखेर मेढ्यात काय चालू असतं? छत्री उलटी करणारा पाऊस, वेण्णेला पूर आणि आठ-आठ दिवस सूर्याचाही पत्ता नाही. धूमकेतू बघायचा असेल तर जावळीकरांनी तेव्हा रजा टाकून देशावर, माणदेशाकडे सरकलेलं बरं. दहिवडी-म्हसवडला ढग कमी.

तोवर थांबवत नसेल तर धूमकेतूचा कचरा दरवर्षी घरपोच येतो. त्यानं वाटेत सांडलेली धूळ पृथ्वी वर्षातून दोनदा ओलांडते आणि उल्का पडतात. एकदा ५-६ मेच्या आसपास, पहाटे साडेतीननंतर, कुंभ राशीच्या दिशेनं. दुसऱ्यांदा २१-२२ ऑक्टोबरच्या आसपास, मध्यरात्रीनंतर, मृग नक्षत्राकडून. मेमध्ये वळवाचा भरवसा नसतो, म्हणून ऑक्टोबर धरा. पाऊस सरलेला असतो, आकाश धुतलेलं असतं, आणि अंधाऱ्या जागी तासाला वीसेक उल्का दिसू शकतात. चंद्र कधी मावळतो ते पंचांगात आधी पाहून घ्या. दुर्बीण लागत नाही, उलट तिची अडचणच होते. रात्री कास पठारावर जाण्याचा हट्टही नको, गावाबाहेरचा बांध पुरतो, आणि बिबट्याची ये-जा असेल तर घराची गच्ची उत्तम. मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, घोंगडी अंथरून उताणे पडा आणि शेजाऱ्यांना अंगणातला दिवा बंद करायला सांगा.